हृदयशूल आणि नायट्रेट औषधे : एक आढावा

हृदयाच्या स्नायूला हवा तेवढा प्राणवायू रक्तातून मिळेनासा झाला की छातीच्या मध्यभागी दडपण येते, आवळल्यासारखे वाटते किंवा जळजळते. ही वेदना डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात, क्वचित पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात पसरते. चढावर चालताना, जिना चढताना, रागाच्या भरात किंवा भरपेट जेवल्यावर ती उठते आणि जागच्या जागी थांबले की काही मिनिटांत ओसरते. हा हृदयशूल, दवाखान्यात आणि घरोघरी त्याला अंजायना म्हणतात. बहुतेक रुग्णांत त्याच्या मुळाशी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्यांत साठलेला मेदाचा थर असतो. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये आपल्या समव्यवसायींसमोर या दुखण्याचे नेमके वर्णन वाचले आणि १७७२ मध्ये ते छापून आले. दुखणे ओळखता आले, पण त्यावर उपाय सापडायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे गेली. तोवर विश्रांती, मद्य आणि अफू यांवरच भागवावे लागे.

उपाय सापडला तो एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीत. थॉमस लॉडर ब्रंटन तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचे होते. रात्री-अपरात्री छातीत कळ येणारा एक रुग्ण त्यांच्या देखरेखीखाली होता. थोडे रक्त काढले की त्याला बरे वाटते आणि झटक्याच्या वेळी त्याची नाडी ताणलेली लागते, हे त्यांनी टिपले होते. रक्ताचा ताण उतरवला तर वेदनाही उतरेल, असा तर्क त्यांनी केला. अमिल नायट्राइट या उडून जाणाऱ्या द्रवाच्या वासाने चेहरा लाल होतो आणि रक्तदाब घसरतो, हे इतरांच्या प्रयोगांतून आधीच दिसले होते. ब्रंटन यांनी त्याचे काही थेंब फडक्यावर टाकून रुग्णाला हुंगायला दिले, आणि मिनिटाच्या आत कळ थांबली. १८६७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये हा अनुभव प्रसिद्ध झाला. निरीक्षणातून तर्क आणि तर्कातून औषध असा सरळ प्रवास औषधशास्त्राच्या इतिहासात फार थोड्या वेळा घडला आहे, म्हणून ही नोंद आजही वाचण्यासारखी आहे. ब्रंटन यांच्या तर्काचा तपशील पुढे बदलला. मात्र हृदयावरचा भार कमी केला की वेदना थांबते, हा त्याचा गाभा टिकून राहिला.

अमिल नायट्राइटचा परिणाम मात्र क्षणात येऊन क्षणात जाई. त्याहून टिकाऊ असे दुसरे द्रव्य तयार होते, पण त्याची ख्याती वेगळ्याच कारणासाठी होती. इटलीतील तुरीनच्या आस्कानियो सोब्रेरो यांनी १८४७ मध्ये नायट्रोग्लिसरीन तयार केले. त्याचा कण जिभेवर ठेवताच डोके ठणकू लागते, हेही त्यांनी लिहून ठेवले. आल्फ्रेड नोबेल यांनी त्याच द्रव्यापासून डायनामाइट बनवले. रुग्णांसाठी ते वापरात आणले लंडनच्या विल्यम मरेल यांनी. शंभरात एक भाग अशा पातळ द्रावणाच्या बाटलीचे ओलसर बूच त्यांनी सहज जिभेला लावले. काही क्षणांत त्यांच्या डोक्यात ठोके पडू लागले, छाती धडधडू लागली आणि हाताबोटांपर्यंत नाडी जाणवू लागली. मग त्यांनी स्वतःवर अनेकदा आणि इतरांवरही त्याची चाचणी घेतली, नाडीचे आलेख काढले आणि १८७९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून हृदयशूलावर हे औषध सुचवले. पुढे खुद्द नोबेल यांना हृदयविकार जडला आणि डॉक्टरांनी त्यांना नायट्रोग्लिसरीनच लिहून दिले. स्फोटकाच्या नावाने लोक बिचकू नयेत म्हणून औषधाचे नाव ट्रायनायट्रिन ठेवले आहे, असा उल्लेख त्यांच्या १८९६ मधील पत्रात आहे. औषध म्हणून वापरायच्या गोळीत हे द्रव्य मिलिग्रॅमच्याही अंशात असते आणि ते निरुपद्रवी भुकटीत मिसळलेले असते, त्यामुळे तिला स्फोटाचा कसलाही धोका नसतो.

ही औषधे नेमके काय करतात, हे समजायला आणखी शतक लोटले. फेरीद मुराद यांनी १९७७ मध्ये दाखवले की नायट्रोग्लिसरीनपासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि तो पेशींतील एका विकराला चालना देतो. त्यानंतर रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करत असताना एक विसंगती पुढे आली. अ‍ॅसिटिलकोलीनने काही पट्ट्या सैल होत, तर काही होत नसत. आतले नाजूक अस्तर खरवडले गेलेल्या पट्ट्या सैल होत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे अस्तरातून काहीतरी बाहेर पडते आणि ते स्नायूला सैल करते, असा १९८० मधील निष्कर्ष निघाला. ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच, हे लुई इग्नारो आणि इतरांनी पुढे दाखवले. १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मुराद, फर्चगॉट आणि इग्नारो या तिघांना मिळाले. हृदयविकारात धमन्यांचे अस्तरच दुखावलेले असते आणि त्यातून हा वायू पुरेसा सुटत नाही. नायट्रेट औषधे अस्तराला वळसा घालून तो थेट स्नायूपर्यंत पोहोचवतात. नायट्रोग्लिसरीनमधून तो मोकळा करण्याचे बरेचसे काम पेशीतील अ‍ॅल्डिहाइड डिहायड्रोजनेज नावाचे विकर करते, असे २००२ मध्ये स्पष्ट झाले. पूर्व आशियात पुष्कळ लोकांत हे विकर जन्मतःच दुबळे असते. त्यांना नायट्रोग्लिसरीनचा गुण कमी येऊ शकतो.

नायट्रेटमुळे हृदयाच्या धमन्या रुंदावतात आणि म्हणून वेदना जाते, असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. नेहमीच्या मात्रेत या औषधांचा पहिला आणि मोठा परिणाम शिरांवर होतो. शिरा सैल पडल्या की रक्त पायांत आणि पोटात जास्त थांबते, हृदयाकडे कमी परतते, हृदयाचे कप्पे कमी ताणले जातात आणि स्नायूची प्राणवायूची गरजच उतरते. मात्रा वाढली की धमन्याही सैलावतात आणि रक्तदाब खाली येतो. कॉरोनरी धमन्या रुंदावणे आणि आडवाटेच्या बारीक वाहिन्यांतून रक्त अधिक वाहणे हे त्यात भर घालतात. उभ्याने गोळी घेतल्यावर भोवळ का येते, याचेही उत्तर इथेच आहे.

भारतात जिभेखालची गोळी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सॉर्बिट्रेट येते. हे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटचे व्यापारी नाव. ५ मिलिग्रॅमची गोळी दोन ते पाच मिनिटांत काम करू लागते आणि तिचा परिणाम तास-दोन तास टिकतो. नायट्रोग्लिसरीनची जिभेखालची गोळी किंवा फवारा त्याहून जलद, एक ते तीन मिनिटांत गुण देतो, पण अर्ध्या तासाच्या आसपास विरतो. फवाऱ्याच्या एका दाबात साधारण ०.४ मिलिग्रॅम औषध असते. नायट्रोग्लिसरीन गिळले तर यकृत त्याचा बहुतेक भाग रक्तात मिसळण्याआधीच निकामी करते. जिभेखालच्या पातळ त्वचेतून मात्र ते सरळ रक्तात जाते. म्हणून या गोळीचे सारे महत्त्व ती कशी घेतली यावर आहे.

छातीत कळ आली की चालणे, काम, बोलणे थांबवून खाली बसावे. आडवे पडल्यास शिरांतील रक्त उलट हृदयाकडे धावते, आणि उभे राहिल्यास चक्कर येऊन पडण्याची भीती असते. तोंड कोरडे असेल तर पाण्याचा घोट घेऊन जीभ ओली करावी, मग गोळी जिभेखाली ठेवून विरघळू द्यावी. ती चावून गिळू नये, वरून पाणीही पिऊ नये. फवारा असेल तर जिभेखाली मारावा आणि श्वास आत ओढू नये. पाच मिनिटांत वेदना कमी झाली नाही किंवा वाढू लागली, तर तो साधा अंजायना नव्हे असे समजून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्यांचा आजार जुना आणि ओळखीचा आहे त्यांना पाच-पाच मिनिटांच्या अंतराने एकूण तीन मात्रांपर्यंत घेण्याची मुभा डॉक्टर देतात, पण मदत बोलवण्यासाठी तिसऱ्या गोळीची वाट पाहू नये. घाम फुटणे, श्वास कोंडणे, विश्रांतीतही कळ येणे, नेहमीपेक्षा कमी श्रमात कळ येणे या गोष्टी दिसल्या तर घरी थांबण्यात अर्थ नसतो.

याच गोळीचा दुसरा उपयोग आपल्याकडे फारच कमी होतो, आणि ही खेदाची बाब आहे. कळ कशाने येते हे बहुतेक रुग्णांना पाठ असते. कुणाला थंडीत पहाटे फिरायला निघाल्यावर, कुणाला रेल्वे स्टेशनचा पूल चढताना, कुणाला गडावरच्या देवळाच्या पायऱ्यांवर, कुणाला संभोगाच्या वेळी. अशा श्रमाच्या पाच-दहा मिनिटे आधी बसून जिभेखाली मात्रा घेतली तर कळ येण्याआधीच तिला अडवता येते आणि माणूस अधिक अंतर चालू शकतो. पुष्कळ रुग्ण गोळी ‘शेवटचा उपाय’ म्हणून जपून ठेवतात, सवय लागेल या भीतीने वेदना सोसतात. अधूनमधून घेतलेल्या मात्रेने औषधाची सवय लागत नाही आणि गुणही कमी होत नाही. हे डॉक्टरने पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगायला हवे.

गुण कमी होतो तो औषध अखंड घेतल्याने. नायट्रेट उपचारातला हा सर्वांत मोठा प्रश्न, आणि त्याची पहिली चाहूल कारखान्यांत लागली होती. स्फोटकांच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना सोमवारी डोकेदुखी होई, मंगळवार-बुधवारपर्यंत ती जाई आणि सुट्टीनंतर पुन्हा येई. शरीर नायट्रेटला सरावत असे आणि सुट्टीत तो सराव मोडत असे. सोमवारचा त्रास टळावा म्हणून काही कामगार टोपीच्या पट्टीत नायट्रोग्लिसरीन लावून घरी नेत. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, धमन्यांचा आजार नसलेल्या काही कामगारांना सुट्टीच्या दिवसांत छातीत कळा आल्या. आधार अचानक निघाल्यावर रक्तवाहिन्या आकसत होत्या.

दीर्घकाळ टिकणारी नायट्रेट औषधे आली तेव्हा हाच अनुभव रुग्णांत दिसू लागला. त्वचेवर चिकटवायची नायट्रोग्लिसरीनची पट्टी चोवीस तास लावून ठेवावी, म्हणजे दिवसरात्र संरक्षण मिळेल, अशी कल्पना होती. चाचण्यांत दिसले की चोवीस तास पुरे होण्याआधीच गुण ओसरतो आणि मात्रा वाढवूनही तो परत येत नाही. याची कारणे एकाहून अधिक आहेत. औषधातून वायू मोकळा करणारे विकर त्या कामातच निकामी होते, वाहिनीच्या भिंतीत घातक ऑक्सिजन-कण वाढून नायट्रिक ऑक्साइड नष्ट करतात, शिवाय रक्तदाब उतरल्यामुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवणारी आणि वाहिन्या आवळणारी संप्रेरके सोडते. यावर प्रतिऔषध शोधण्याचे बरेच प्रयत्न झाले, पण रोजच्या व्यवहारात टिकला तो एकच साधा मार्ग : दिवसाचे दहा ते चौदा तास शरीर नायट्रेटविना ठेवणे.

म्हणून पट्टी सकाळी लावून रात्री काढतात. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट हे गिळायचे औषध यकृतात वाया जात नाही आणि रक्तात बराच वेळ टिकते. त्याची साधी गोळी सकाळी ८ आणि दुपारी ३ अशी सात तासांच्या अंतराने देतात, तर हळूहळू विरघळणारी गोळी दिवसातून एकदाच, सकाळी. इथे आपल्या चिठ्ठ्यांची एक रूढ पद्धत रुग्णाच्या मुळावर येते. ‘१-०-१’ असे लिहिले की रुग्ण न्याहारीनंतर एक आणि रात्रीच्या जेवणानंतर एक गोळी घेतो. मोनोनायट्रेटच्या बाबतीत याचा अर्थ शरीराला सुट्टीच न देणे. रुग्ण इमानेइतबारे गोळ्या घेत राहतो, गुण येत नाही आणि मग मात्रा वाढवली जाते किंवा आणखी एक औषध जोडले जाते. चिठ्ठीवर घड्याळाची वेळ लिहिली आणि तिचे कारण दोन वाक्यांत सांगितले, तर हे सहज टळू शकते. ज्याला कळा मुख्यतः रात्री येतात त्याच्यासाठी हेच वेळापत्रक उलटे फिरवून सुट्टी दिवसा ठेवता येते. नायट्रेटविना जाणाऱ्या तासांत, विशेषतः पहाटे, कळ उठू नये म्हणून सोबत बीटा-ब्लॉकर किंवा कॅल्शियम रोधक औषध असणे इष्ट. बरेच दिवस चाललेले नायट्रेट एकदम तोडू नये, मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी.

दुष्परिणामांत डोकेदुखी सर्वांत आधी येते. डोक्यातील वाहिन्या रुंदावल्याची ती खूण असते आणि बहुतेकांत काही दिवसांत ती आपोआप कमी होते. तोवर पॅरासिटामॉल पुरते. चेहऱ्यावर उष्णता येणे, छाती धडधडणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे हेही नेहमीचे. वयस्कर माणसे, रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणारे, कडक उन्हात घाम गाळून आलेले आणि मद्य घेतलेले यांच्यात रक्तदाब धोकादायकपणे कोसळू शकतो. वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल तर नायट्रेट देऊ नये. हृदयाच्या उजव्या बाजूला झटका आला असेल तर हृदय परत येणाऱ्या रक्तावरच तगून असते. तिथेही ही औषधे अपाय करतात. महाधमनीची झडप फार अरुंद झालेली असणे किंवा हृदयाचा स्नायू जाड होऊन रक्ताची वाट अडणे, या अवस्थांतही फार जपावे लागते.

सर्वांत घातक जोडी मात्र सिल्डेनाफिल गटाच्या औषधांची. मुळात हृदयशूलासाठी म्हणून अभ्यासले गेलेले हे द्रव्य १९९८ मध्ये लैंगिक दुर्बलतेवर बाजारात आले. नायट्रेट ज्या रसायनाची निर्मिती वाढवते त्याच रसायनाचा ऱ्हास सिल्डेनाफिल रोखते; दोन्ही एकत्र आली तर रक्तदाब इतका उतरू शकतो की जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर निदान ४८ तास नायट्रेट घ्यायचे नाही. संकोचापायी ही माहिती रुग्ण घरच्यांपासून आणि डॉक्टरांपासूनही लपवतो. ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धकांत सिल्डेनाफिलची भेसळ सापडलेली आहे, त्यामुळे ‘मी कसलीच गोळी घेत नाही’ हे उत्तर खरे असूनही धोका उरतो. छातीत दुखते म्हणून आलेल्या पुरुषाला हा प्रश्न एकांतात आणि स्पष्ट शब्दांत विचारणे हे डॉक्टरचे आणि परिचारिकेचे काम आहे. फुप्फुसांतील वाढलेल्या रक्तदाबावर सिल्डेनाफिल घेणाऱ्या स्त्रियांनाही हाच नियम लागू होतो.

नायट्रेटने वेदना जाते, चालण्याची ताकद वाढते, पण आयुष्य वाढते का? हृदयविकाराच्या झटक्यानंतर सर्रास नायट्रेट द्यावे का, हे पाहण्यासाठी १९९० च्या दशकात दोन मोठ्या चाचण्या झाल्या. इटलीतील गिसी-३ मध्ये १९ हजारांहून अधिक आणि आयसिस-४ मध्ये ५८ हजारांहून अधिक रुग्ण होते. दोहोंतही मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. धमन्यांतील थरावर या औषधांचा परिणाम होत नाही आणि तो फुटून झटका येणे ती थांबवत नाहीत. ते काम अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, रक्तदाब व साखरेवरील नियंत्रण आणि तंबाखू सोडणे यांचे. गोळीने कळ थांबते म्हणून बाकीची औषधे बंद करणारे रुग्ण भेटतात. त्यांची वेदना तेवढी थांबलेली असते, आजार पुढे चालूच असतो.

रोजच्या प्रतिबंधासाठी बहुतेक मार्गदर्शक सूत्रे आधी बीटा-ब्लॉकर किंवा कॅल्शियम रोधक सुचवतात. ती पुरेशी ठरली नाहीत किंवा सोसली नाहीत, तर दीर्घकाळ टिकणारे नायट्रेट, निकोरॅन्डिल, रॅनोलॅझिन, आयव्हाब्रॅडिन यांचा क्रम लागतो. जिभेखालची गोळी किंवा फवारा मात्र पहिल्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाजवळ असावा. भारतात बराच वापरला जाणारा निकोरॅन्डिल अर्धा नायट्रेटसारखाच वागतो, त्यामुळे सिल्डेनाफिलचा मज्जाव त्यालाही आहे. त्याने तोंडात न भरणारे व्रण होऊ शकतात. धमनी मध्येच आकसून येणाऱ्या, मायरन प्रिन्झमेटल यांनी १९५९ मध्ये वर्णिलेल्या अंजायनात नायट्रेट उत्तम काम करते. अगदी बारीक वाहिन्यांच्या अंजायनात त्याचा गुण बेभरवशाचा असतो. हिमोग्लोबिन फार कमी असणे किंवा थायरॉइडचे कार्य वाढणे यानेही कळा येतात, आणि तिथे मूळ दोष दुरुस्त केल्याखेरीज कितीही नायट्रेट दिले तरी भागत नाही. २००७ ची करेज आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली इस्किमिया या चाचण्यांनी दाखवले की स्थिर आजारात, चांगली औषधे चालू असताना, सर्वांनाच लगोलग अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्याने मृत्यू कमी होत नाहीत. औषधांनी कळा आवरत नसतील तर मात्र या उपायांनी खरा आराम मिळतो.

गोळीने बरे वाटले म्हणजे दुखणे हृदयाचेच, ही समजूत डॉक्टरांतही खोल रुजलेली आहे. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात छातीदुखीच्या ४५९ रुग्णांना नायट्रोग्लिसरीन दिले गेले. ज्यांना खरोखर हृदयविकार होता त्यांच्यातील ३५ टक्क्यांना आराम पडला, आणि ज्यांना नव्हता त्यांच्यातील ४१ टक्क्यांना. अन्ननलिकेचा आकसही नायट्रेटने सुटतो. तेव्हा निदान ईसीजी, रक्तातील ट्रोपोनिन आणि पुढील तपासण्यांवरच व्हायला हवे. शेजारी कुणाच्या छातीत दुखले की घरातली सॉर्बिट्रेट त्याच्या जिभेखाली सरकवणे हीदेखील काळजीपोटी होणारी चूक आहे. त्याचा रक्तदाब किती, उजव्या बाजूचा झटका आहे का, काल रात्री कोणती गोळी घेतली होती, यातले काहीच देणाऱ्याला ठाऊक नसते. तिथे गोळीपेक्षा रुग्णवाहिका महत्त्वाची.

साठवणुकीचे नियम साधे आहेत, पण ते पाळले जात नाहीत. नायट्रोग्लिसरीनची गोळी हवेत उडून जाते आणि प्लॅस्टिकमध्ये शोषली जाते. ती मूळच्या गडद काचेच्या बाटलीतच, घट्ट झाकण लावून, उन्हापासून आणि ओलाव्यापासून दूर ठेवावी. आठवड्याच्या गोळ्यांच्या प्लॅस्टिक डबीत टाकू नये. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि औषधविक्रेत्याने सांगितलेल्या मुदतीनंतर ती बदलावी. डायनायट्रेटची पट्टीबंद गोळी अधिक टिकाऊ असते, पण शर्टाच्या खिशात घामाने भिजलेली किंवा मोटारीत उन्हात तापलेली पट्टी भरवशाची राहत नाही. एक पट्टी उशाशी, एक बाहेर जाताना सोबत, आणि ती कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या एखाद्या माणसाला माहीत असणे एवढी व्यवस्था प्रत्येक रुग्णाने करायला हवी.